कोतवाल बुकातली एक ओळ

गेल्या वर्षी मला फुप्फुसाचा टीबी झाला तेव्हा लेक पाच महिन्यांची होती. रिपोर्ट हातात आला त्या दिवशी मी तिला सासूबाईंकडे दिलं आणि खोलीला आतून कडी लावली. ती बाहेर रडत होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मास्क लावून पाजायला सांगितलं, तिलाही प्रतिबंधक औषध दिलं आणि ती पुन्हा माझ्या मांडीवर आली. पण ओसरीवर बसलेल्या आबांनी, माझ्या आजेसासऱ्यांनी, ते सगळं पाहिलं होतं. आठवड्यानं मला म्हणाले, "माझी आयबी मला जवळ येऊ द्यायची न्हाई. ढेकळं मारायची."

आबा 91 वर्षांचे. आई गेली तेव्हा तीन-चार वर्षांचे असतील. परड्यात कुडाचं छप्पर, त्यात ती एकटी, आणि हा पळत गेला की ती हातात ढेकूळ घ्यायची, एवढंच त्यांना आठवतं. ती कशानं गेली याबद्दल कुणी म्हणे बाहेरचं झालं, कुणी म्हणे बाळंतरोग. सवाष्ण गेली म्हणून तिचं अविधवा नवमीला करतात, त्यामुळे तिथीही कुणी लक्षात ठेवली नाही. माझ्या गोळ्या चालू होत्या तेव्हाच ठरवलं, तिची नोंद शोधायची.

गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये असतात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. मला वाटलं साताऱ्याला हेलपाटे पडणार, कारण आमचा वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. पण रजिस्टरं तहसीलच्या अभिलेख कक्षातच होती. कुणबी नोंदींच्या शोधात ती बाहेर निघाली होती, म्हणून गठ्ठे गावनिहाय लावलेले मिळाले. कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. कारकुनांचा पहिला प्रश्न, "साल कुठलं?"

साल शाळेतून काढलं. जनरल रजिस्टरात आबांची जन्मतारीख 1 जून 1934 होती. त्या पिढीत बऱ्याच जणांची 1 जूनच असते, गुरुजींनी अंदाजानं मांडलेली, म्हणून वर्षही थोडं मागंपुढं धरलं. त्यांच्या सावत्र भावाचा जन्म 1940चा. म्हणजे 1935 ते 1939 तपासायचं.

पानं मोडी लिपीत होती. फोटो काढून एका निवृत्त शिक्षकांकडे नेले. मी त्यांना आबांच्या आईचं नाव शोधायला सांगत होते, ते म्हणाले, "नवऱ्याचं नाव सांगा." तिथं बाया 'कोम'नं नोंदलेल्या असतात, अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. काही ठिकाणी तर अमकीसुद्धा नसते. तिसऱ्या खेपेला ती सापडली. 17 फेब्रुवारी 1938, वय 22, रोगाच्या रकान्यात 'क्षय'.

मी त्या एका शब्दाशी बराच वेळ थांबले. आजूबाजूच्या ओळींत ताप, खोकला, पुन्हा ताप. घरचे सांगतील तेच तिथं लिहिलं जायचं. म्हणजे 'क्षय' हा शब्द घरात कुणाला तरी ठाऊक होता, तिला कुठं तरी दाखवलं होतं. आबांना विचारलं तर म्हणाले, बैलगाडीनं मिरजेला नेलेलं ऐकलंय, आणि छपरात माशाच्या तेलाची बाटली होती, तिचा वास अजून आठवतो.

मिरजेच्या मिशन दवाखान्याचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम वानलेसवाडीला होतं. क्षयाचा जंतू 1882 पासून माहीत होता, पण त्याला मारणारं औषध नव्हतं. उपचार म्हणजे उघड्या हवेत खाट, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी, माशाचं तेल. काहींच्या छातीत सुईनं हवा भरून आजारी फुप्फुस दाबून ठेवत, त्यालाही विश्रांती मिळावी म्हणून. ती हवा जिरली की पुन्हा भरायची. थुंकी भांड्यात धरून जाळायची, मुलांना लांब ठेवायचं. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडलं, आयसोनियाझिड 1952 मध्ये वापरात आलं. मी सहा महिने रोज गिळलेल्या गोळ्यांत आयसोनियाझिडही होतं.

मग परड्यातलं छप्पर मला वेगळं दिसायला लागलं. चारी बाजूंनी वारा, वेगळी ताटली, राखेचं गाडगं. घरानं तिला टाकलं नव्हतं, मिरजेत सांगितलेलं जमेल तसं केलं होतं. पण चार वर्षांच्या पोराला लांब कसं ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलं असेल? माझ्याकडं कडी होती. कुडाच्या छपराला दारच नव्हतं.

खरी नक्कल मिळाली त्या दिवशी आबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ढेकूळ कधी लागलं न्हाई गं मला. आठवत न्हाई लागल्यालं." मी म्हटलं, "नेम धरला नसेल आबा." ते बराच वेळ परड्याकडं बघत बसले.

दिराने पंचांगावरून तिथी काढून दिली. आबा म्हणाले, राहू दे, नवमीच बरी, त्या दिवशी सवाष्ण जेवायला येते.