इअरमफ घ्यायला जाताना रायफल सोबत न्या

आमच्या पोरीनं मे महिन्यात सांगून टाकलं की आता बॅडमिंटन बंद, शूटिंग सुरू. वय वर्षं 12. कोल्हापुरात राहून याचं आश्चर्य वाटायचं काही कारण नाही म्हणा, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांची नावं इथं घराघरात आहेत आणि 2024 ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्रॉन्झ आणल्यापासून तर विचारूच नका. 10 मीटर एअर रायफलला नाव घातलं. सरांनी यादी दिली, त्यात जॅकेट, ग्लोव्ह, शूज, छर्रे सगळं होतं, कानाचं, म्हणजे आवाज अडवायला दोन्ही कान झाकणारा इअरमफ वगैरे, काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणाले एअरला काय लागत नाही ओ.

आता ते अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. मॅचची एअर रायफल कॉम्प्रेस्ड हवेवर चालते, आवाज म्हणजे एक टक्क, त्यानं काही कान जात नाही. पण त्या हॉलवर पत्रा आहे, भिंतीपलीकडं .22 म्हणजे दारूच्या काडतुसाची पिस्तूलवाली मोठी मुलं असतात, आणि मधलं दार कायम उघडं. .22 रायफलचा आवाज साधारण 140 डेसिबलपर्यंत जातो, पिस्तुलाची नळी आखूड म्हणून ते त्याच्याही वर. मोठ्या माणसासाठी अशा झटक्याच्या आवाजाची वरची हद्द 140 धरतात, आणि जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी ती 120 च सांगते. हे 20 डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात पण दर 10 ला ताकद दहापट होते, म्हणजे 20 ला शंभरपट, हे मला पण उशिरा कळलं.

मला एवढी काळजी का, तर माझा डावा कान. कॉलेजला एनसीसीत होतो, .22 नं फायरिंग असायचं, आणि संरक्षण म्हणजे फर्स्ट एड बॉक्समधल्या कापसाचे बोळे. कापसानं काही होत नाही, हवा आरपार जाते तिथनं आवाज पण जातो. एका कॅम्पनंतर दोन दिवस कानात किर्र वाजत होतं, सगळी हसत होती, मी पण हसलो. ते किर्र रात्री सगळं शांत झालं की अजून येतं. आणि डावाच कान का, तर उजव्या हातानं रायफल धरली की डावा कान नळीच्या तोंडाकडं येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. कानातल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा गेल्या की परत उगवत नाहीत, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझं वय 41 होतं.

तर मी सरळ जाऊन दुकानात होता त्यातला सगळ्यात मोठा आकडा असलेला इअरमफ आणला. डब्यावर एनआरआर लिहिलेलं असतं, म्हणजे आवाज किती डेसिबलनं कमी होतो तो आकडा, युरोपचा माल असला तर एसएनआर, आणि हे दोन आकडे एकमेकांशी लावायचे नाहीत, मोजायची पद्धत वेगळी आहे. शिवाय आकडा लॅबमधला. कारखान्यांसाठी अमेरिकेत एक सावध हिशोब करतात, एनआरआरमधनं 7 वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे धरायचे, म्हणजे कानात घालायचा 33 चा फोम प्लग हातात धरायला 13 च. बंदुकीच्या झटक्याला हा हिशोब तंतोतंत बसत नाही पण डब्यावरचा आकडा बघून फुशारायचं नाही एवढं त्यातनं कळतं.

मग तो 31 वाला जाडजूड मफ घालून पोरगी लेनवर उभी राहिली. तिनं गाल रायफलच्या स्टॉकला (दस्त्याला) लावला आणि मफचा उजवीकडचा कप चीकपीसवर, म्हणजे गाल टेकायच्या भागावर, आपटून वर उचलला गेला, खाली बोटभर फट. आवाज सगळा आत. आणि फट पडू नये म्हणून ती मान तिरकी करायला लागली, सर लांबनं ओरडले, मान बघ मान! दोन आठवडे ती त्या मफशी भांडत होती आणि मी घरी बसून 31 आकडा घेतला म्हणून खूश. पिस्तूलवाल्यांना हा त्रास नाही, त्यांचा गाल मोकळा असतो, त्यांनी मोठा कप बिनधास्त घ्यावा. रायफलवाल्या पोरांसाठी बारीक कपाचा मफ, आकडा 20-22 असला तरी चालेल, पण रायफल खांद्याला लावून, चष्मा असेल तर चष्मा घालून, केस बांधतात तसे बांधून बघायचा. चष्म्याच्या काडीनं आणि जाड रबरबँडनं पण सील सुटतं.

मुलं .22 कडं जाणार असली तर आत प्लग आणि वर मफ, दोन्ही. याची पण बेरीज होत नाही, जो जास्त आहे त्यावर 5 एक डेसिबल मिळतात, पण .22 ला तेवढे घ्यावेतच. प्लग घेताना लहान साइज मागा, मोठ्यांचा प्लग तिच्या कानात अर्धाच जायचा आणि पाचव्या शॉटला बाहेर. घालायची पण रीत आहे, बोटात वळून बारीक वातीसारखा करायचा, दुसरा हात डोक्यावरनं नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोट लावून ठेवायचं. नीट बसला की आपलाच आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो. नाहीच आला तसा तर काढून परत. बरं, हात धुवून, छर्रे शिशाचे असतात.

इलेक्ट्रॉनिक मफबद्दल सगळे विचारतात. सरांचं बोलणं ऐकू येतं आणि मोठा आवाज आला की बंद होतो, सरावाला छानच आहे, कारण सरांचं ऐकायला म्हणून पोरं दर दोन मिनिटांनी साधा मफ वर करतात आणि नेमका तेव्हाच शेजारचा फायर करतो. पण आयएसएसएफच्या, म्हणजे नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात आवाज घेणारं कुठलंही यंत्र स्पर्धेत खेळाडूला चालत नाही, म्हणून मॅचला साधाच लागतो, आणि ज्याची सवय नाही तो मॅचच्या दिवशी घालायला लावू नका. आणि ते नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, गाणी ऐकायचे, ते यासाठी नाहीत, कृपया.

परवा विसर्जन मिरवणुकीत आम्ही चौकात उभे होतो, साउंड सिस्टीमची भिंतच आली समोर, छातीत धडधडायला लागलं. पोरीनं खिशातनं डबी काढली, स्वतःचे प्लग घातले आणि दुसरी जोडी मला दिली. मी घाईत कोंबला. ती बघत होती. म्हणाली काहीतरी, ऐकू आलं म्हणजे बसलाच नव्हता. मग तिनं माझा डावा कान धरून वर ओढला, प्लग नीट आत घातला आणि बोट दाबून ठेवून तोंडानं आकडे मोजत उभी राहिली, वीसपर्यंत, लोक बघतायत तरी.