हार्पसिकॉर्डची पट्टी दुसऱ्यांदा बोलत नाही तेव्हा

हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या दिसणाऱ्या जुन्या वाद्याची पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज जवळपास तेवढाच येतो. तार ठोकली जात नाही, छेडली जाते. छेडण्याचं काम ज्या भागाकडे आहे, त्या जॅककडे नीट पाहिलं की वाद्याचे निम्मे बिघाड आपोआप कळतात.

जॅक म्हणजे पट्टीच्या मागच्या टोकावर नुसती टेकलेली उभी, चपटी लाकडी काडी. तिच्या वरच्या खाचेत आसावर हलणारी छोटी जीभ, जिभेतून आडवं बाहेर आलेलं पीस, आणि बाजूला फेल्टचा तुकडा. पट्टी दाबली की जॅक वर जातो आणि पीस तार छेडतं. बोट उचललं की जॅक स्वतःच्या वजनाने खाली येतो. पीस तारेवर टेकतं, जीभ मागे झुकते, पीस तारेखाली निसटतं आणि डुकराच्या ताठ केसाची स्प्रिंग जिभेला जागेवर आणते. मग फेल्ट तारेवर बसतो आणि सूर थांबतो.

सूर एकदा वाजून पुन्हा वाजत नसेल, तर घोटाळा या परतीच्या वाटेवर आहे. पीस लांब असेल किंवा त्याचं टोक खालून तिरकं कापलेलं नसेल, तर ते तारेवरच अडून बसतं. केस फार ताठ असेल तर जॅकच्या वजनाने जीभ मागे झुकत नाही. फार सैल असेल तर ती परत येत नाही. फेल्ट खाली सरकला असेल तर जॅक त्याच्यावरच लटकतो. आणि हवा दमट झाली की लाकूड फुगून जॅक आपल्या फटीतच घट्ट बसतो. म्हणून आधी जॅक उचलून तो आपल्या वजनाने पडतो का ते पाहावं, चाकू त्यानंतर.

चाकू लावायचा तो पिसाच्या खालच्या अंगाला, पातळ पापुद्रा काढत. वरची बाजू तारेला लागते, ती गुळगुळीतच राहू द्यावी. टोक तारेच्या पलीकडे जेमतेम डोकावलं पाहिजे. जास्त कापलं गेलं तर उपाय एकच, नवं पीस. पूर्वी कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांची पिसं वापरत. आज बहुधा डेलरिन हे प्लास्टिक असतं. ते टिकतं जास्त, पण तुटतं तेव्हा पूर्वसूचना न देता. खरं पीस सुकून ठिसूळ होतं. ऑलिव्ह तेलाचा हलका हात त्याला मानवतो.

तारांचे दोन संच एकत्र जोडले असतील तर दोन्ही पिसांनी एकाच क्षणी तार छेडू नये. एक किंचित आधी हवं. नाहीतर पट्टी एकदम जड लागते आणि त्याचा दोष उगाच बोटांना दिला जातो.

काही हार्पसिकॉर्डांना पट्ट्यांच्या दोन रांगा असतात, एक वर, एक खाली. आवाजाचा फरक हवा तर हात दुसऱ्या रांगेवर न्यायचा. जर्मन संगीतकार बाखच्या १७३५ साली छापलेल्या इटालियन कॉन्चेर्तोत ‘फोर्ते’ (मोठ्याने) आणि ‘पियानो’ (हळू) लिहिलंय ते यासाठी: कोणता हात वरच्या रांगेवर, कोणता खालच्या. हळूहळू आवाज वाढवायची ती सूचना नव्हे. त्याच्याच १७४१ च्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये तर कुठल्या तुकड्याला एक रांग आणि कुठल्याला दोन, हे लिहूनच दिलंय. आठवं व्हेरिएशन एका रांगेवर वाजवून पाहा: एका हाताने दाबून धरलेली पट्टी दुसऱ्याला लागते, आणि हात एकमेकांत गुंततात.

क्लॅव्हिकॉर्ड या पट्ट्यांच्याच दुसऱ्या जुन्या वाद्याचं गणित उलटं. तिथे पितळेचं पातं तारेला भिडून तिथेच राहतं, म्हणून बोट पट्टीवर असेपर्यंतच सूर टिकतो. दाब वाढवला की सूर चढतो. त्यावरच जर्मन वादक आंदोलन घेत. जोरात वाजवणारा माणूस त्यामुळे बेसुरा होतो. जुन्या क्लॅव्हिकॉर्डांत शेजारच्या दोन-तीन पट्ट्या एकाच तारजोडीवर चालतात. अशा दोन पट्ट्यांत वरचा सूर सोडल्याशिवाय खालचा बोलतच नाही, तेव्हा उतरताना पहिलं बोट वेळेत उचलणं आलंच.

जुन्या ऑर्गनवर किंवा हार्पसिकॉर्डवर बसण्याआधी खर्जाची डावी बाजू तपासावी. काही वाद्यांत, सुरांच्या पाश्चात्त्य नावांत सांगायचं तर, सर्वांत खालची पट्टी दिसते ई, वाजते सी. एफ शार्पवर (शार्प म्हणजे अर्धा सूर चढा) डी आणि जी शार्पवर ई. खालचे शार्प सूर क्वचितच लागत, म्हणून मोठे पाइप आणि लांब तारा वाचवल्या जात. अशा पट्ट्यांसाठी लिहिलेल्या डाव्या हाताच्या काही जोड्या आजच्या पियानोवर हाताच्या पंजात मावत नाहीत.