ग्रॅनाइटचा ओटा आणि सोसायटीची परवानगी: माझा अनुभव

दगड निवडायला एक दुपार पुरली. तो घरात आणायची परवानगी हातात पडेपर्यंत मात्र पावसाळा तोंडावर आला.

दादरच्या आमच्या जुन्या इमारतीत ओट्यावर कडप्पा होता. कडप्पा म्हणजे शेवटी चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम यांनी त्याची पार रया गेली होती. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजं. आंबट सांडलं तरी त्याला ढिम्म काही होत नाही, आणि सुरी ओढली तर झिजते ती सुरीच. दुकान, भाव, घासाघीस सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

सोसायटीत अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, ग्रॅनाइट फार जड असतो. बिल्डिंग जुनी आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र लागेल."

"अहो, कडप्पा काढून त्याच्या जागी बसवणार आहोत."

"तरी. ग्रॅनाइट तो ग्रॅनाइट."

हे बोलणं चाललं होतं लॉबीत. त्या लॉबीच्या भिंतींना कमिटीनेच करीमनगरकडचा टॅन ब्राउन नावाचा ग्रॅनाइट लावून घेतलाय, आणि मी ओट्यासाठी निवडला होता तोही टॅन ब्राउनच. भिंतीकडे बोट दाखवलं. "ते तळमजल्यावर आहे," असं उत्तर आलं.

घरी येऊन हिशोबच मांडला. ग्रॅनाइटची घनता कडप्प्याएवढीच, पाण्याच्या साधारण 2.7 पट. 18 मिलिमीटर जाडीचा दगड चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतो. आमचा ओटा 10 फूट बाय 2 फूट, म्हणजे 90 किलो. जुन्या कडप्प्याला टेप लावली तर जाडी 25 मिलिमीटर! तो भरतो सव्वाशे किलो. म्हणजे इमारतीवरचा भार वाढणार नव्हता, तीस-पस्तीस किलोंनी कमी होणार होता. खालची आरसीसीची फळी आहे तशीच राहणार होती. हे सगळं कागदावर लिहून दिलं. सेक्रेटरींनी कागद फाइलला लावला आणि म्हणाले, "मीटिंगमध्ये ठेवतो."

मीटिंग महिन्यातून एकदा. पहिल्या मीटिंगला कोरम झाला नाही. पुढच्या मीटिंगमध्ये सगळा वेळ पार्किंगच्या भांडणात गेला. तिकडे दुकानदाराचा फोन, "मॅडम, स्लॅब किती दिवस अडवून ठेवू? लॉट संपला तर ही शेड मिळणार नाही." त्यात खोटं नव्हतं. एकाच नावाचा दगड, पण खाणीतला पुढचा थर लागला की रंग वेगळा येतो.

शेवटी पैसे मोजून इंजिनिअर आणला. त्याने ओटा पाहिला, माझा हिशोब पाहिला आणि हसला. राहत्या खोल्यांसाठी आयएस 875 या भारतीय मानकात चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास 200 किलो, एवढा चल भार, म्हणजे माणसं आणि सामानसुमान यांचं वजन, धरतात. गणपतीत आमच्या स्वयंपाकघरात मोदक वळायला जमणाऱ्या बायकांचं वजन ओट्याहून कितीतरी जास्त होईल, त्याला कुणी एनओसी मागत नाही! त्याने दोन ओळींचं पत्र दिलं: भार कमी होत आहे, हरकत नाही. त्यावर सोसायटीचा शिक्का पडला. कमिटीतल्या कुणीही माझा हिशोब वाचला नव्हता, याबद्दल माझी खात्री आहे. म्हणून सांगते, अर्जासोबतच जुन्या आणि नव्या दगडाची जाडी, माप, वजन आणि इंजिनिअरचं पत्र जोडून टाका. मागायची वाटच पाहू नका.

दगड आला तेव्हा वॉचमनने लिफ्ट बंद केली. तसाही 10 फुटी तुकडा लिफ्टमध्ये मावत नाहीच. जिन्याने नेताना तो उभा धरायचा, लांब कड खाली ठेवून. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध तडकतो, कारण ग्रॅनाइट दाबाला जबरदस्त असला तरी वाकायला कच्चा. याच कारणाने सिंकच्या कापापाशी सांधा येऊ देऊ नका. पुढची अरुंद पट्टी आधीच नाजूक असते.

काळा घेणार असाल तर पर्समध्ये नेलपॉलिश रिमूव्हर न्या. ॲसिटोनवाला हवा. कापसाने दगडाच्या कोपऱ्यावर घासा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. मी एका दुकानात घासलं तेव्हा मालकाने लगबगीने दुसरा स्लॅब पुढे केला. बाकी बाजारातला बराचसा 'काळा ग्रॅनाइट' भूशास्त्राच्या हिशोबाने गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे वेगळाच खडक असतो, आंध्रातल्या चिमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सीसुद्धा. ओट्याला त्याने काही बिघडत नाही. फक्त तो थोडा अधिक जड, तेव्हा वजन मांडताना 2.7 ऐवजी 3 धरा, नाहीतर कमिटीला आयतं कोलीत मिळेल.

फिकट रंगाचा घेतलात तर सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं द्रावण, मारून घ्या. हळद-तेल तसंच राहिलं तर डाग आत उतरतो.

कापाकापी पाणी सोडूनच करायला सांगा. कोरड्या कटाईची धूळ सिलिकाची असते, कारागिराच्या फुप्फुसात जाते. आणि सिंकसाठी कापून निघालेला चौकोन कारागिराकडून मागून घ्या, पैसे त्याचेही दिलेले असतात. आमच्या तुकड्यावर आता मिक्सर बसलाय.