अंबाडीचं एक दावं

नेपाळच्या डोंगरात अल्लो नावाचं झुडूप उगवतं. नुसता हात लागला तरी अंगाची आग होते, पण त्याच झुडपाची साल राखेच्या पाण्यात उकळून तिथल्या बायका धागा काढतात. हे कळल्यावर माझ्या डोक्यात किडा शिरला, आपणही सालीचा धागा काढून दोर वळून पाहायचा. अमळनेर तालुक्यात अल्लो कुठून आणणार? आणि सातपुड्याच्या पायथ्याला खाजकुयली असली तरी तिच्या वाटेला जाण्याची माझी हिंमत नाही. मग लक्षात आलं, आपल्या कपाशीच्या बांधावर अंबाडी उभी आहेच की. तीही अगदी गरीब नाही. तिच्या खोडावर बारीक काटे असतात. कापताना कळत नाहीत, रात्री भाकरी मोडताना कळतात.

आमच्याकडे अंबाडीचा पाला भाजीला जातो. कळण्याच्या भाकरीबरोबर तिची आंबट भाजी असली की दुसरं काही लागत नाही. दोर मात्र आता कोणी वळत नाही. दावं, कासरा, मोरखी, सगळं नायलॉनचं. पूर्वी गावगाड्यात हे काम मातंग समाजाकडे होतं. पोळ्याआधी नवे दोर ते घरोघर पोचवायचे आणि सुगीला त्याबदल्यात धान्य मिळायचं. ते काम केलेले एक बाबा गावात अजून आहेत. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी आधी मलाच वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुले कसाले पाहिजे दोर? बजारमा नायलॉन भेटस ना."

वळून पाहायचा आहे, म्हटलं. त्यावर ते खूप वेळ हसले. बरोबरच होतं. त्यांच्या तळहाताला जी घट्टं पडली ती हौसेने पडलेली नव्हती. त्यांची दोन्ही मुलं सुरतेला कामाला आहेत आणि दोघांनाही वळता येत नाही. मुद्दाम शिकवलंच नाही, हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं.

पहिली चूक कापणीतच झाली. अंबाडीला पिवळी, मध्यभागी गर्द डोळा असलेली फुलं येतात. त्याच सुमाराला कापली तर वाख, म्हणजे सालीचा धागा, मऊ आणि चिवट निघतो. बोंडं भरली की साल जून होते. आईला बियाणं हवं होतं म्हणून मी अर्धीच ऑक्टोबरात कापली आणि उरलेली अर्धी नोव्हेंबरच्या मध्याला. दुसऱ्या खेपेचा वाख शेवटपर्यंत काथ्यासारखा राठ राहिला.

पाला झडावा म्हणून पेंढ्या दोन दिवस शेतातच ठेवल्या आणि मग कुजवायला घातल्या. इथे दुसरी चूक. घरी लोखंडी ड्रम होता, त्यात पाणी भरलं, पेंढ्या बुडवल्या आणि वर न तरंगाव्यात म्हणून बाभळीचं हिरवं ओंडकं दाबून ठेवलं. आठव्या दिवशी पाणी शाईसारखं काळं! बाभळीच्या सालीत टॅनिन असतं, त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच युक्तीने करत. माझा सगळा वाख त्यात रंगला. बाबांनी तो पाहिला आणि विचारलं, "भाऊ, म्हशीनी शेपटी कापी का?"

दुसरी खेप शेतातल्या सिमेंटच्या हौदात घातली आणि वर धुतलेले दगड ठेवले. या वेळी बाबांनी सांगितल्याप्रमाणे पेंढ्या आधी तीन दिवस बुडख्यांवर उभ्या ठेवल्या. बुडाकडची साल जाड असते, ती उशिरा कुजते. सगळी पेंढी एकदम आडवी केली तर शेंडे सडून जातात आणि बुडखे कच्चे राहतात. कुजणं म्हणजे काय, तर सालीतले धागे ज्या चिकट पदार्थाने काडीला धरलेले असतात, तो पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात. ते थांबले नाहीत तर पुढे धाग्यालाच हात घालतात. म्हणून बाराव्या दिवसापासून रोज एक काडी उचलून बुडख्याशी अंगठ्याने साल ढकलून पाहायची. सरकली तर झालं. नोव्हेंबरातल्या थंड रात्रींमुळे मला एकोणीस दिवस लागले.

वासाबद्दल एवढंच सांगतो की सोलायच्या दिवशी आईने माझं ताट ओट्यावर आणून ठेवलं.

सोलण्यात मात्र मजा आहे. बुडखा हलका ठेचायचा, साल मोकळी करायची आणि काडी मधूनच मोडून हिसका द्यायचा. आतली पांढरी, हलकी काडी सटकन बाहेर येते आणि हातात ओल्या केसांसारखी लांब बट राहते. ती वाहत्या पाण्यात आपटून धुवायची, गाळ निघेपर्यंत. मग दोरीवर वाळत घालायची. वीस किलो हिरव्या अंबाडीतून मला जेमतेम किलोभर वाख मिळाला.

वळायला बसलो तेव्हा वाटलं, अवघड भाग संपला. पहिला दीड हात वळला आणि बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन बोटांत उलगडला.

"हाई दोर शे का शेवया?"

माझे दोन पेड सारखे जाड नव्हते. जाड पेड सरळच राहिला होता आणि बारीक पेड त्याच्याभोवती वेलीसारखा गुंडाळला गेला होता. असा दोर दिसतो दोन पेडी, पण ओढ एकाच पेडावर येते. शिवाय मी पेडाला आणि दोराला पीळ एकाच दिशेने दिला होता. हातातून सोडला की तो आपोआप उकलत होता. प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यायचा आणि पेड एकमेकांवर उलट्या दिशेने वळायचे, तेव्हा दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात. हे शब्दांत मला माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. वाख किंचित ओला ठेवला की तो ऐकतो, हेही तेव्हाच कळलं.

जोड हा दुसरा छळ. पेड बारीक व्हायला लागायच्या आधीच नवी बट आत सरकवायची, संपल्यावर नाही. आणि दोन पेडांचे जोड शेजारी शेजारी येऊ द्यायचे नाहीत. माझे येत होते, कारण मी सगळ्या बटा एकाच लांबीच्या कापून नीट ओळीने मांडल्या होत्या. बाबांनी ती रांग पायाने विस्कटली आणि दोन बटा मधूनच तोडल्या.

दाव्याला तीन पेड लागतात. पेडांची टोकं शेवग्याच्या बुंध्याला बांधली, दुसऱ्या बाजूला आईने आणि मी एकेक पेड ताणून पीळ भरला. मग बाबांनी त्यांच्याकडचा तीन खाचांचा लाकडी गोळा पेडांमध्ये धरला. गोळा मागे सरकत गेला आणि त्याच्या पुढ्यात दोर मिटत गेला, फटी न ठेवता. दहा हातांचे पेड होते, दावं सात हातांचं झालं. बाकीचे तीन हात पिळात गेले. शेवटी ते झाडाभोवती ताणून गोणपाटाने खसाखसा घासलं, तेव्हा वरची कुसं झडली.

कापणीपासून दावं हातात येईपर्यंत दीड महिना गेला. नायलॉनचं दावं बाजारात दहा मिनिटांत मिळतं आणि ते पावसात कुजतही नाही. माझं बहुधा एका पावसाळ्याचं धनी आहे. तरी एक फरक मी रोज पाहतो. नायलॉनने गोऱ्ह्याच्या मानेला पडलेला लाल वळ आता दिसत नाही, आणि अंबाडीची गाठ त्याने कितीही हिसके दिले तरी सरकत नाही. फक्त टोक तो चघळतो. वाखाला अजून आंबट चव असावी.

बाबांना मी पायली ज्वारी नेऊन दिली. त्यांनी ती परत केली आणि दोनशे रुपये मागितले.

ड्रममधला तो काळा वाख अजून पोत्यात आहे. आई त्याची सुतळी वळून गिलक्याचा मांडव बांधते.