दगडावर ‘युद्धबंदी’ कोरताना

जुन्या दगडावर चार ओळी होत्या. सगळ्यात वर नाव, त्याखाली ‘लेफ्टनंट, लष्कर’, मग ‘रणांगणी वीरगती’ आणि शेवटी ‘ऑक्टोबर १९४५, शके १८६७’. आर्वी तालुक्यातल्या एका गावात, घराण्याच्या शेताच्या बांधावर तो कित्येक वर्षं उभा होता. मागच्या पावसाळ्यात काळी माती फुगली, दगड कलंडला आणि खालचा कोपरा उडाला. घरच्यांनी मला बोलावलं ते नवा दगड कोरून द्यायला. ‘जसंच्या तसं लिवा’, एवढंच सांगणं होतं.

जसंच्या तसं कोरायचं तर आधी ठसा घ्यावा लागतो. दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतला. तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड जुन्या दगडाला कधीच लावू नये, अक्षराच्या कडा त्याने कायमच्या जातात. वाळल्यावर बटर पेपर ताणून चिकटवला आणि काळ्या मेणाची कांडी आडवी धरून हलक्या हाताने फिरवली. नुसत्या डोळ्यांना ‘लेफ्टनट’ दिसत होतं, कारण अनुस्वाराच्या टिंबात शेवाळ बसून ते दगडाच्याच रंगाचं झालं होतं. ठशात टिंब आलं. तारीखही स्वच्छ आली, आणि मी तिथेच थांबलो.

जपानने शरणागतीवर सही केली ती २ सप्टेंबर १९४५ला. मग ऑक्टोबरात रणांगण कुठलं?

घरात या लेफ्टनंटची पुतणी होती, ऐंशी ओलांडलेली. मी विचारलं, ‘आजी, काही कागद आहेत का?’ त्यांनी लोखंडी ट्रंक उघडायला लावली. त्यात एक फोटो, एक तार आणि एक छापील कार्ड निघालं. पुढचे दोन तास त्या तीन वस्तूंवर गेले.

फोटोत पांढरा गणवेश होता. खांद्यावरच्या पट्टीत दोन सोनेरी रेघा, त्याही सरळ नाहीत, नागमोडी. हा माणूस लष्करातला नव्हताच. नागमोडी रेघा त्या काळी आरमाराच्या स्वयंसेवक राखीव दलाच्या, म्हणजे रॉयल इंडियन नेव्हल व्हॉलंटियर रिझर्व्हच्या अधिकाऱ्यांना असत, कायम नोकरीतल्यांना सरळ. दोन रेघा म्हणजे लेफ्टनंट. ‘लष्कर’ हा शब्द कुठून आला ते कार्डावरून लक्षात आलं. कार्ड जपानच्या कैदेतून आलेलं, त्याच्या माथ्यावर ‘इम्पीरियल जॅपनीज आर्मी’ छापलेलं होतं. कैदी आरमाराचा असो वा पायदळाचा, जपान्यांची कार्डं याच मथळ्याची असत. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या कोणीतरी त्यातला ‘आर्मी’ तेवढा उचलला असणार.

इथे दर्जाबद्दल सांगायला हवं, कारण ही चूक नव्या दगडांवरही होते. आरमारातला लेफ्टनंट पायदळातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा, आणि आरमारातला कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा. म्हणून ‘लेफ्टनंट’ एकटं लिहून भागत नाही, खाली दल लिहावंच लागतं. आणि दल त्या वेळच्या नावानेच लिहायचं. ‘भारतीय नौदल’ असं आज आपण म्हणतो, पण रॉयल इंडियन नेव्हीची ‘इंडियन नेव्ही’ झाली २६ जानेवारी १९५०ला. १९४५ साली गेलेल्या माणसाच्या दगडावर अशोकस्तंभाचं आजचं बोधचिन्हही बसत नाही. गावातल्या पोरांनी मोबाइलवर तेच काढून आणलं होतं. मी दोर वेटाळलेला साधा नांगर सुचवला, जगभरच्या आरमारांची ही जुनी खूण. आजी म्हणाल्या, ‘आमच्या घरी सारेच नांगरवाले. एकटे काकाजी पान्यातल्या नांगरावर गेले.’

आता तार. टपाल कचेरीचा शिक्का ऑक्टोबर १९४५चा. मजकूर मात्र असा, की पूर्वी युद्धकैदी म्हणून कळवलेला हा अधिकारी फेब्रुवारी १९४५मध्ये, कैदेत असताना, बेरीबेरीने वारला. जुन्या दगडावर आलेली तारीख तार मिळाल्याची होती. हे फार घरांत घडलंय. युद्धकैद्यांना कसं वागवायचं याच्या १९२९च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण तो मंजूर केला नव्हता. कैद्यांच्या आणि मृतांच्या याद्या रेडक्रॉसच्या हाती उशिरा आणि अर्धवट पोचत. पुष्कळ कुटुंबांना खरी बातमी छावण्या मोकळ्या झाल्यावरच कळली. तेव्हा १९४५च्या शेवटच्या महिन्यांतली तारीख दगडावर दिसली, की ती मृत्यूची आहे की बातमीची, हे आधी पाहावं.

एका कागदावर विसंबून दगड कोरत नाहीत. दोन महायुद्धांत गेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंदवही नावाने शोधता येते, पण आपल्या नावांना ती सहज दाद देत नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी असतं, कधी वडिलांचं नावच आडनावाच्या जागी बसलेलं असतं. आडनावाने सापडले नाहीत, वडिलांच्या नावाखाली सापडले. तारखेचा दिवस तारेशी जुळला. स्मारक म्हणून ‘बॉम्बे १९३९-१९४५ वॉर मेमोरियल’ लिहिलेलं होतं. कबर नसलेल्या आरमारी आणि व्यापारी जहाजांवरच्या माणसांसाठी ते मुंबईत, मशीद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे. घरातल्या कोणालाही त्यांचं नाव तिथे असल्याचं माहीत नव्हतं.

तारीख बदलली की शकही तपासावा लागतो. इसवी सनातून ७८ वजा केले की शक, हे सगळ्यांना पाठ असतं. पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ वजा करायचे. ऑक्टोबर १९४५ला शके १८६७ बरोबर होतं, फेब्रुवारी १९४५ला शके १८६६ होतो. नुसता महिना बदलून खालचा आकडा तसाच ठेवला असता, तर एक चूक काढून दुसरी कोरली असती.

एवढं सगळ्यांनी मान्य केलं. अडलं ते एका शब्दावर.

‘रणांगणी वीरगती’ काढून काय लिहायचं? घरातला कर्ता पुतण्या म्हणाला, ‘भाऊ, कैदी नोका लिवू. मानसं कैदी वाचतीन, तं चोर समजतीन.’ त्याचं म्हणणं मला समजत होतं. गावात कैदी म्हणजे जेलातला. तरीही मी हट्ट धरला, आणि तो धरायलाच हवा होता असं मला आजही वाटतं. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ला जपानच्या हाती पडलं. शरण जाण्याचा निर्णय तिथल्या ब्रिटिश फौजेचा प्रमुख जनरल पर्सिव्हल आणि त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचा होता, खालच्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर या माणसाने तीन वर्षं पॉलिशच्या तांदळावर काढली. तांदळाचा कोंडा गेला की त्यातलं बी-वन जीवनसत्त्व जातं, पायांना सूज चढते, हृदय थकतं, तीच बेरीबेरी. जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात जे आकडे मांडले गेले त्यांनुसार अमेरिका आणि ब्रिटनचे जे सैनिक जपानच्या कैदेत पडले, त्यांतले शंभरात २७ मेले, जर्मनी-इटलीच्या कैदेत ४. ही तीन वर्षं दगडावरून पुसून तिथे न झालेली लढाई लिहायची, तर त्यांनी जे सोसलं तेच आपण नाकारतो. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात कैदेत मेलेल्यांसाठी वेगळं कलम आहे, १२०वं. त्यांची कबर किंवा रक्षा मानाने ठेवायची, नोंद ठेवायची, हे कैद करणाऱ्या देशावर बंधन आहे. परक्यांवर आपण हे बंधन घालतो, मग स्वतःच्या बांधावर तो शब्द का लपवायचा?

आजींनी कार्ड हातात घेतलं. त्यावरची वाक्यं सगळी छापील, प्रकृती ठीक आहे, काम करतो, पगार मिळतो. हाताची फक्त सही. त्या म्हणाल्या, ‘माह्या आजीनं सांगतलं होतं मले, धरून नेलं म्हून. गावात मात्र कोनी बोललं नाई. खरं हाय तेच लिवा, दादा.’ ‘कैदी’ टाळून ‘युद्धबंदी’ घ्यायचं ठरलं. अर्थ तोच, आणि वाचणारा जेलकडे वळत नाही.

दगड काळा बेसाल्ट घेतला, ३६ इंच उंच, २४ रुंद, ३ जाड. वजन सव्वाशे किलोच्या आसपास. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये वायूची बारीक भोकं असतात, अक्षर नेमकं तिथे आलं की ढलपी उडते. म्हणून दगड ओला करून वाळताना पाहायचा, जिथे ओल रेंगाळते तिथे भोक. हातोडीने ठोकला तर खणखणीत वाजला पाहिजे, बद्द आवाज आला की आत चीर.

मांडणी सगळ्यात लांब ओळीपासून करतात. नाव मोठं काढून सुरुवात केली की खाली ‘व्हॉलंटियर रिझर्व्ह’ दाटीवाटीने बसवावं लागतं. दोन्हीकडे दोन इंच सोडून २० इंच उरले. नाव दोन इंची, बाकी सव्वा इंची. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार लागतो, म्हणून एका ओळीपासून दुसरीचं अंतर अक्षराच्या दुप्पट तरी हवं. ‘युद्धबंदी’तला ‘द्ध’ जोडून कोरला तर आतली पोकळी गव्हाच्या दाण्याएवढी राहते, दोन पावसाळ्यांत मातीने भरते. तो ‘द्‌ध’ असा पाय मोडून, सुटा कोरला. छिन्नी टंगस्टनच्या टोकाची, ६ आणि १० मिलिमीटरची. खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी. काना जिथे शिरोरेघेला मिळतो, त्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने मारत यायचं. कोपऱ्याकडे मारत गेलं तर शेवटच्या ठोक्याला कड फुटते. रंग भरला नाही. घासलेल्या काळ्या बेसाल्टवर कोरलेला भाग आपोआप राखाडी-पांढरा दिसतो, आणि सोनेरी रंग आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही.

काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत नेला, साडेतीन फूट. खाली मुरूम ठोकून, वर काँक्रीट, दगड १२ मिलिमीटरच्या दोन स्टेनलेस सळ्यांवर. साधी लोखंडी सळई गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. जुना दगड फेकू दिला नाही. नव्या चौथऱ्याच्या मागच्या अंगाला बसवला.

बसवलं ते फेब्रुवारीत, त्याच तारखेला. हळद-कुंकू चौथऱ्यावर वाहा, अक्षरांत नको, तेल मुळीच नको, पाण्याला हरकत नाही, असं सांगितलं. आजींनी तांब्याभर पाणी वरून सोडलं. बेसाल्ट ओला झाला की कोरलेला भागही काळा पडतो, सगळा मजकूर नाहीसा होतो. त्या वाळेपर्यंत उभ्या राहिल्या. आधी नांगर दिसू लागला, मग नाव, मग दल. ‘युद्धबंदी असताना मृत्यू’ यायला आणखी थोडा वेळ लागला, आणि तारीख सगळ्यात शेवटी.