ऑक्टोबर छाटणीच्या आधी: इस्तंबूल, बुडापेस्ट, व्हिएन्ना

वेलींची एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची काडी पिकलेली, ऑक्टोबर छाटणीला अजून अवकाश. द्राक्षबाग असलेल्या घरात मोकळे दिवस म्हणजे एवढेच. २०२५ साली ते नेमके पितृपक्षात आले. "सगळा देश श्राद्धाला रामकुंडावर येतोय आणि तुम्ही नाशिक सोडून चाललात," सासूबाई म्हणाल्या. पण तिकिटं काढून झाली होती.

तीन शहरं, तेरा रात्री: इस्तंबूल चार, बुडापेस्ट चार, व्हिएन्ना पाच. टूरवाला तेवढ्याच दिवसांत सात देश दाखवणार होता. पण ह्यांना बसमध्ये बसलं की झोप लागते. सात देश झोपेत बघायचे तर पैसे कशाला घालवा?

आधी व्हिसाचं. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. तो ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे मागायचा, म्हणून आमचा ऑस्ट्रियाचा. फी ९० युरो, शिवाय किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय कव्हर असलेला प्रवास विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबरला जायचं तर एप्रिल-मेमध्ये उरकून टाका. तो व्हिसा असला की तुर्कीचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो. मेख एकच: तुर्कीत पाऊल ठेवाल त्या दिवशी शेंगेन व्हिसा चालू झालेला हवा. आमचं इस्तंबूल पहिलं, त्यामुळे पासपोर्ट परत आल्या आल्या मी आधी 'पासून'ची तारीख बघितली, मग चहा टाकला.

मुंबई विमानतळासाठी आता इगतपुरीहून समृद्धीवर चढायचं. पावणेआठ किलोमीटरचा बोगदा संपला की कसारा घाट मागे पडलेला असतो. समृद्धी संपते त्या आमण्यानंतर भिवंडीची कोंडी मात्र आहे तिथेच आहे. तिथे वाचवलेला वेळ इथे जातो, हे धरूनच निघा.

इस्तंबूलमध्ये सगळे बघतात ते आम्हीही बघितलं. हागिया सोफिया ५३७ साली बांधून झालेलं. २०२० पासून पुन्हा मशीद आहे. पर्यटकांना वरच्या सज्जातून बघायचं २५ युरो तिकीट. समोरची निळी मशीद फुकट, पण नमाजाच्या वेळी बंद. शुक्रवारी दुपारी जाऊच नका. बायकांनी ओढणी पर्समध्येच ठेवावी.

पण मला विचाराल तर एक दिवस नुसत्या फेरीबोटीला द्या. एमिनोन्यूहून कादिकॉय, साधारण वीस मिनिटं. चढलो तो युरोप, उतरलो तो आशिया, आणि भाडं शहरातल्या बसच्या कार्डातूनच. एकच इस्तंबूलकार्ट दोघांना चालतं, दोनदा टेकवायचं. बोटीवर चहावाला थाळी घेऊन फिरतो. कमरेत बारीक असलेला काचेचा पेला, कान नाही. मी पोटाला धरला आणि बोटं भाजली. शेजारच्या आजींनी न बोलता माझा हात धरून वर सरकवला: काठाला, दोन बोटांनी. आपल्या टपरीवरचा कटिंग धरतात तसाच की! मागे सीगल पक्षी, लोक त्यांना तिळाच्या गोल पावाचे, सिमितचे तुकडे फेकतात. आम्ही त्या दिवशी चार फेऱ्या मारल्या.

शाकाहारी असाल तर मर्जिमेक चोर्बासी मागा. पहिला चमचा घेऊन हे म्हणाले, "अगं, ही मसुराची आमटी. फोडणी विसरलेत." लिंबू पिळा, वर लाल तिखट घाला, झकास लागते. काही ठिकाणी मांसाच्या पाण्यात करतात, तेवढं विचारून घ्या.

बुडापेस्टला पहिल्याच दिवशी दंड भरला. चूक आमचीच. मेट्रोचं तिकीट काढलं, पण आत शिरताना यंत्रात घालून त्यावर शिक्का मारला नाही. तपासनीसाला खिशातली कोरी तिकिटं अभिमानाने दाखवली. कोरं तिकीट म्हणजे विनातिकीट. त्यापेक्षा दिवसांचा पास काढा. आणि इथे युरो नव्हे, फोरिंट. कार्ड देताना यंत्र दुसऱ्या चलनात पैसे घेऊ का विचारतं. नाही म्हणा, फोरिंटच निवडा, नाहीतर दर वाईट लागतो.

दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने जाते, पार्लमेंटपाशी उतरा. तिथून थोडं चाललं की नदीच्या कठड्यावर बूट मांडलेले दिसतात. लोखंडी, साठ जोड. काही बायकांचे टाचेचे, काही पोरांचे. एकात पावसाचं पाणी साठलं होतं, एकात कुणी फूल ठेवलेलं. रामकुंडाच्या पायऱ्यांवर काढलेल्या चपला बघत आपण वाढलो. आधी तसंच वाटलं, माणसं पाण्यात उतरलीत, येतील. १९४४-४५ मध्ये ॲरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि प्रेतं नदीत सोडली. त्यांचं हे स्मारक, २००५ चं. हे बोलके, पण हॉटेलपर्यंत काही बोलले नाहीत.

सेचेनी स्नानगृह १९१३ चं. गरम झऱ्याचं पाणी, म्हणजे वज्रेश्वरीच, पण राजवाड्यात. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि स्लीपर घरूनच न्या.

बुडापेस्टच्या केलेटी स्टेशनवरून व्हिएन्ना रेल्वेने पावणेतीन तासांच्या आत. तिकीट आधी काढलं तर स्वस्त. पोचलात तो रविवार असेल तर खाण्याचं सोबत ठेवा, दुकानं बंद असतात. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून. पुरासाठी त्यांनी डॅन्यूबला शेजारी दुसरा प्रवाह खणून दिला आणि मधल्या भरावाचं एकवीस किलोमीटरचं बेट झालं. लोक त्यावर सायकली चालवतात. आपण गोदावरीला पूर आला की काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला जातो.

राजवाडे ह्यांनी भराभर उरकले, कारण ह्यांना बागा बघायच्या होत्या. व्हिएन्नाच्या हद्दीत द्राक्षबागा आहेत! हायलिगेनश्टाटहून ३८ ए बसने कालेनबर्गवर जा आणि बागांमधून पायी नुसडॉर्फला उतरा. परतीला डी ट्राम. मांडव नाही, उतारावर तारांवर बांधलेल्या बुटक्या वेली. एका बागेत काढणी चालली होती. ह्यांनी खुणेने विचारलं, वर्षात छाटणी किती? त्याने एक बोट दाखवलं. ह्यांनी दोन दाखवली. त्या माणसाने कात्री खाली ठेवली आणि पहिल्यांदा आमच्याकडे नीट बघितलं.

खाली होयरिगरमध्ये, म्हणजे बागवाल्याच्याच मद्यशाळेत, बसलो. ब्रेड-चीज बिनधास्त घ्या. बटाट्याचं सॅलड मात्र बऱ्याचदा गोमांसाच्या पाण्यात करतात. सप्टेंबरात तिथे 'श्टुर्म' मिळतं, अजून फसफसत असलेला गढूळ रस, गोडसर, लबाड. ह्यांनी एक बाटली हॉटेलवर न्यायला घेतली. आंबणं चालू असतं म्हणून त्याचं झाकण घट्ट लावलेलं नसतं. ते आम्हाला ट्राममध्ये कळलं, माझ्या पिशवीत, ओढणी आणि दोन्ही पासपोर्टांसकट. बाटली उभी धरा, आणि पिशवी ह्यांची वापरा.