परभणीच्या उन्हात जेंटू: मेक.कॉन्फमध्ये काय ठेवलं, काय टाळलं

जेंटू म्हणजे लिनक्सची अशी आवृत्ती, जिच्यात बहुतेक पॅकेजेस आपल्याच मशीनवर सोर्समधून कंपाईल करायची असतात. तिच्या इन्स्टॉलेशनमध्ये पार्टिशन, स्टेज 3 (सुरुवातीची तयार सिस्टीम) आणि सीएचरूट (त्या सिस्टीमच्या आत शिरणं) इथपर्यंत हँडबुक, म्हणजे जेंटूचं अधिकृत मार्गदर्शक, बघत बघत कुणीही पोचतो. खरा खल सुरू होतो मेक.कॉन्फ ही सेटिंगची फाईल उघडल्यावर. कंपायलरला काय सांगायचं हे तिथं आपणच लिहायचं असतं, आणि मग पुढची सगळी पॅकेजेस त्याच हुकमानं तयार होतात.

माझ्याकडं जुना थिंकपॅड टी430. आय5-3320एम प्रोसेसर, आयव्ही ब्रिज पिढीचा, 2 कोअर, 4 थ्रेड, रॅम 8 जीबी. त्यात मे महिना. परभणीत तेव्हा पारा सहज 42 च्या वर जातो आणि लाईटचा भरवसा नसतो. त्यामुळं माझा पहिला प्रश्न ‘सिस्टीम किती पळेल’ हा नव्हताच. कंपाईल शेवटाला जाईल का, हा होता.

ऑप्टिमायझेशनचा, म्हणजे कंपायलरनं कोड किती वेगवान करायचा याचा, निकाल लगेच लावला: -ओ2 ही मधली पातळी. -ओ3 नं काही प्रोग्रॅम वेगवान होतात, पण बायनरी फुगते, कंपाईलला वेळ जास्त लागतो आणि रोजच्या वापरात फरक जाणवेलच असं नाही. -ओफास्ट तर सगळ्या सिस्टीमला लावूच नये. त्यात -एफफास्ट-मॅथ येतं आणि दशांशाच्या गणिताचे ठरलेले नियम बाजूला पडतात. लिंक-टाईम ऑप्टिमायझेशनही सोडलं, कारण लिंक करताना, म्हणजे कोडचे तुकडे शेवटी जोडताना, ते रॅम खातं आणि माझ्याकडं नेमकी तीच कमी. -पाईप ठेवलं, त्यानं मधल्या तात्पुरत्या फायली लिहिणं वाचतं.

-मार्चवर, म्हणजे कोड कुठल्या प्रोसेसरसाठी बनवायचा यावर, मात्र बराच वेळ घातला. सरळ उत्तर म्हणजे -मार्च=नेटिव्ह, जीसीसी हा कंपायलर स्वतःच प्रोसेसर ओळखतो. पण मावसभावाचा नवा रायझन प्रोसेसरवाला डेस्कटॉप शेजारच्या खोलीत रिकामा पडून असतो. डिस्टसीसी (कंपाईलचं काम नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनला वाटणारं टूल) लावून कंपाईलचं ओझं त्याच्यावर टाकायचं माझ्या मनात होतं. तिथं नेटिव्ह चालत नाही: तो शब्द त्या मशीनवर वाचला गेला तर अर्थ होईल रायझन, आणि तयार झालेला कोड माझ्या लॅपटॉपवर ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळेल. म्हणून रिझॉल्व्ह-मार्च-नेटिव्ह हे छोटं टूल चालवलं. त्यानं नेटिव्हचा पूर्ण विस्तार छापून दिला, -मार्च=आयव्हीब्रिज आणि पुढं कॅशच्या मापांचे पॅरामीटर. तोच जसाच्या तसा मेक.कॉन्फमधल्या कॉमन_फ्लॅग्ज या ओळीत चिकटवला. दोन्हीकडं जीसीसीची आवृत्ती एकच ठेवली.

लाईट गेली की डेस्कटॉप बंद, लॅपटॉप बॅटरीवर. डिस्टसीसीला समोरचं मशीन सापडलं नाही तर तो काम इथंच उरकतो, अडून बसत नाही. हे मला फार आवडलं. मात्र लॅपटॉपच बंद पडला तर इमर्ज --रिझ्यूमनं (इमर्ज ही जेंटूची पॅकेज बसवायची कमांड) यादी पुढं सरकते, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज पहिल्यापासून. मोठी पॅकेजेस म्हणून रात्रीच लावायचो. आई विचारायची, “रातभर काय घरघर करायलंय रे ते?”

मेकऑप्ट्सला, म्हणजे एका वेळी किती जॉब चालवायचे याला, हँडबुकचा हिशोब आहे: एका जॉबला साधारण 2 जीबी रॅम. माझ्या 8 जीबीत -जे4 बसतं, तेवढंच ठेवलं आणि सोबत लोडची मर्यादा घालणारं -एल4. दुपारी प्रोसेसरचं तापमान 90 अंशांच्या पुढं गेलं की -जे2 करायचो. हा आकडा कधीही बदलता येतो, तयार होणाऱ्या बायनरीवर त्याचा परिणाम नाही. वेबकिट-जीटीकेसारख्या खादाड पॅकेजला पॅकेज.एनव्ही या पॅकेजवार सेटिंगमधून कायमचं -जे2 दिलं.

प्रोसेसरला कुठल्या खास सूचना येतात ते सांगणारं सीपीयूआयडी2सीपीयूफ्लॅग्ज हे टूल चालवल्यावर एव्हीएक्स दिसलं, एव्हीएक्स2 नाही. ही यादी मेक.कॉन्फमध्ये स्वतंत्र ओळीत जाते, वर लिहिलेल्या कंपायलरच्या फ्लॅग्जपेक्षा वेगळी. एफएफएमपेगसारख्या व्हिडिओच्या पॅकेजमध्ये हातानं लिहिलेलं असेंब्ली कुठलं घ्यायचं, ते इथून ठरतं. व्हिडिओ बघणाऱ्यानं ती ओळ गाळू नये.

एव्हीएक्स2 नसल्याचा दुसरा परिणाम आधीच कंपाईल केलेल्या तयार पॅकेजेसवर. डिसेंबर 2023 पासून जेंटू स्वतःच बायनरी पॅकेजेस देतं, पण त्यातला एक्स86-64-व्ही3 संच माझ्या प्रोसेसरवर चालणार नाही, साधा एक्स86-64 घ्यावा लागतो. एलएलव्हीएम हे कंपायलरचं अवजड पॅकेज तिथून --गेटबिनपीकेजी लावून घेतलं. रस्ट या भाषेच्या कंपायलरसाठी तयार रस्ट-बिन, कारण डिस्टसीसी सी आणि सी++ च वाटतो, रस्टचा सगळा भार या बिचाऱ्या लॅपटॉपवरच पडला असता. ‘सगळं सोर्समधूनच’ म्हणणारे यावर नाक मुरडतात. त्यांनी मे महिन्यात परभणीला यावं, कूलरसमोरची खुर्ची देतो.

यूज फ्लॅग्ज, म्हणजे पॅकेजमधल्या कुठल्या सोयी हव्या-नको ते सांगणारे शब्द, थोडेच: -ब्लूटूथ, -कप्स (उणे म्हणजे नको; कप्स म्हणजे प्रिंटिंग), एवढंच, बाकी डेस्कटॉप प्रोफाईलवर सोडलं. मावसभाऊ प्रिंटर घेऊन आला की कप्स परत लावेन आणि --चेंज्ड-यूजनं तेवढीच पॅकेजेस पुन्हा होतील.